दोरीवरचा शेवटचा सदरा

समुद्रकाठच्या मोलिनो गावात सप्टेंबर महिना कुणालाच आवडत नाही. समुद्र फुगलेला असतो, वाऱ्याला ताळतंत्र नसतं, साखर कारखान्याची चिमणी गप्प असते आणि माणसं आभाळाकडे बघत छपराला खिळे ठोकत असतात. पण याच महिन्यात एक सकाळ अशी येते, की त्या सकाळी आभाळाकडे कुणी बघत नाही. सगळे दोन्या फेलाच्या, म्हणजे फेलाबाईंच्या, अंगणातल्या दोरीकडे बघतात.

पुढच्या महिन्यात बेसबॉलचा मोसम सुरू व्हायचा असतो. त्याआधी गावच्या संघाचे, म्हणजे खेकड्यांचे, नवे सदरे फेला शिवते. शिवून झाले की एकदा धुते, खळ देते आणि आंब्याच्या झाडापासून स्वयंपाकघराच्या खांबापर्यंत ताणलेल्या दोरीवर वाळत घालते. एकेक सदरा चिमट्यात धरताना त्याच्या मालकाचं यंदा काय होणार, ते ती मोठ्यानं सांगते. शेवटचा सदरा पिचरचा, आन्येलोचा. चेंडू फेकणारा तो, म्हणून मोसमही त्याच्याच हातात. तो सदरा दोरीवर चढवताना ती अख्ख्या मोसमाचं भाकीत करते.

भाकीत दरवर्षी एकच. "पहिल्या सामन्याला आन्येलो चेंडू फेकणार, बगळ्यांना रडवणार, आणि जानेवारीत चषक आपल्या चर्चच्या पायरीवर येणार!" बगळे म्हणजे राजधानीचा संघ. पैसेवाला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, मोलिनोकरांच्या डोळ्यांत वर्षभर सलणारा. लोक टाळ्या पिटायचे, कुणीतरी ढोल काढायचा, आणि जानेवारीत चषक राजधानीला जायचा. फेलाचा नवरा सेकुंदिनो हयात असताना एकदाच खेकडे जिंकले होते. त्या वर्षी नेमकी फेला तापानं फणफणली होती आणि तिनं भाकीत केलंच नव्हतं. ही गोष्ट कोपऱ्यावरचा किराणावाला तातिको कुणालाही विसरू देत नसे.

"दोन्या, यंदा जरा पुन्हा ताप येऊ द्या की," तो म्हणायचा. "गावासाठी एवढंही करणार नाही?"

"तुझ्या दुकानातलं सलामीचं मांस खाल्लं की येईलच," फेला म्हणायची.

फेला जन्मली उसाच्या रानात, मजुरांच्या लांबलचक चाळीत. तिथं कापड म्हणजे साखरेचं रिकामं पोतं. आई पोत्याला डोक्यापुरतं एक आणि हातांपुरती दोन भोकं पाडायची, की झाला झगा. पाठीवर कारखान्याची निळी अक्षरं असायची. कितीही घासली तरी जायची नाहीत. शनिवारी आईबरोबर ती गावात यायची तेव्हा गावातली पोरं ओरडायची, "कारखान्याचं पोतं आलं, उचला, उचला!" त्या पोत्यांवरच ती सुई धरायला शिकली. आधी अक्षरांवर ठिगळ लावायला शिकली, मग ठिगळाचं फूल करायला. मोठी झाल्यावर गावात शिंपिणीच्या हाताखाली लागली, पायाचं मशीन घेतलं, सेकुंदिनोशी संसार मांडला. आणि घरात तागाचा धागा येऊ द्यायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं. घेवड्याचं पोतं आलं तरी उंबऱ्याबाहेर रिकामं करून परत पाठवायची.

रविवारी चर्चला जाताना ती स्वतः शिवलेला झगा घालायची. कधी कोवळ्या लिंबाच्या रंगाचा, कधी पिकल्या पपईच्या. तिला बघायला म्हणून काही बायका लवकर येऊन बसत. हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती जरा उशिरा जायची.

आन्येलो तिच्या शेजारच्या घरातला. त्याच्या बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून ती त्याची माद्रिना, धर्माची आई. सख्खी आई माद्रिदला परक्यांची घरं पुसायला गेली ती तिकडचीच झाली. पोर फेलाच्या अंगणात वाढलं. त्याचा पहिला चेंडू फेलानं शिवला होता: आत चिंध्या, वर सेकुंदिनोचा फाटका मोजा. त्या चेंडूनं त्यानं आंबे पाडले, कोंबड्यांना पळवलं, तातिकोच्या दुकानावरची पाटी वाकडी केली. ती पाटी अजून वाकडीच आहे. तातिको गिऱ्हाइकाला ती दाखवून सांगतो, "आन्येलोनं फेकलेला चेंडू लागलाय हिला, सरळ करू काय?"

त्या सप्टेंबरात आन्येलो मापं द्यायला आला, ती दुपार ढगाळ होती.

"आशीर्वाद दे, माद्रिना," दारातूनच तो म्हणाला.

"देव तुझं भलं करो. पाय पूस, फरशी ओली आहे. आणि असा दारात खांब होऊन उभा राहू नकोस, ये आत."

तिनं फीत गळ्यातून काढली. खांदे मापले, छाती मापली, कंबर मापताना हुं केलं. मग उजव्या दंडाला फीत गुंडाळली. पिचरचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड असायचाच. आन्येलोची उजवी बाही ती दरवर्षी बोटभर रुंद कापायची. त्याला बाही दंडाबरोबर लागायची. मोलिनोच्या पोरांना ढगळ सदरा म्हणजे मागून आणलेला सदरा वाटतो.

फीत सरकली असेल असं वाटून तिनं पुन्हा गुंडाळली. मग डाव्या दंडाला. मग परत उजव्याला.

"हात सैल सोड."

"सोडलाय."

"मग दंड कुठं गेला?"

आन्येलो हसला. "उन्हाळाभर जेवलो नाही नीट."

"कंबर तर सांगतेय की चांगलं जेवलास. जेवण फक्त उजव्या हातापर्यंत पोचलं नाही, होय?"

तो खिडकीपाशी गेला. बाहेर कोंबडी माती उकरत होती. बराच वेळ तो त्या कोंबडीकडे बघत राहिला, जणू तिच्याकडून काही उसनं मागायचंय.

"खांद्यात आत फाटलंय," तो म्हणाला. "राजधानीतल्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, नाताळपर्यंत जोर लावून एकही चेंडू फेकायचा नाही. व्यायाम कर, हळूहळू भरेल. आणि घाई केलीस तर आयुष्यभर चमचा डाव्या हातानं धरशील."

"अबेलार्दोला सांगितलंस?"

अबेलार्दो म्हणजे खेकड्यांचा मॅनेजर. राजधानीकडचा माणूस, पण मोलिनोत बरीच वर्षं काढलेला.

"नाही. तो मला बाकावर बसू देईलही, माणूस वाईट नाही. पण मैदानातले लोक बसू देतील का गं? गेल्या वर्षी काय झालं, बघितलंस ना?"

फेलानं बघितलं होतं. पहिल्याच सामन्याला आन्येलोचा खांदा आखडला होता आणि अबेलार्दोनं त्याला बाकावर बसवलं होतं. खेकडे मागे पडायला लागले तसं सगळं मैदान उभं राहिलं. "आन्येलो! आन्येलो!" संत्र्याच्या साली उडाल्या, अबेलार्दोच्या टोपीवर पडल्या. शेवटी आन्येलो आपण होऊन उठला आणि त्यानं चेंडू मागून घेतला. मोलिनोत गोंधळ म्हणजे काय ते त्या दिवशी समुद्रालाही कळलं असेल. मग दर सामन्याला तेच. नाताळ येईपर्यंत त्याचा हात केस विंचरायलाही वर जाईना.

पुढच्या रांगेत पातेलं आणि पळी घेऊन सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं, हे खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. फेला हातातली फीत उगाच गुंडाळायला लागली.

"ते ओरडायला लागले की मला बसवत नाही, माद्रिना. पाय आपोआप उठतात. लहानपणापासून तीच हाक ऐकलीय मी." तो वळला. "म्हणून म्हणतो, बाही गेल्या वर्षीच्या मापाची शिव. आतून अस्तर घाल, कापूस घाल, काय वाटेल ते कर. दंड भरलेला दिसला पाहिजे."

"आणि चेंडू? चेंडू काय कापूस फेकणार?"

"तू शिव गं फक्त. बाकीचं माझं मी बघतो."

"हेच गेल्या वर्षी म्हणाला होतास."

तो कॉफी न पिताच गेला. मोलिनोत कुणाच्या घरची कॉफी न पिता उठणं म्हणजे भांडणच. फेलानं त्याचा कप तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं स्वतः प्यायली, गार झालेली.

सगळे सदरे झाले तरी तिनं आन्येलोचं कापड कापलं नाही. कात्री उचलायची, ठेवायची. कापूस भरणं अवघड नव्हतं. नवरीच्या झग्यात तिनं काय काय भरलं होतं, ते तिच्या मशीनलाच ठाऊक. पण हा हात तिनं पाण्यात धुतलेला, तेलानं चोळलेला, मोज्याचा चेंडू दिलेला हात होता. मशीनच्या वर भिंतीवर आल्ताग्रासिया मातेची, म्हणजे मेरीमाईची, तसबीर होती. तिच्याकडे बघत ती म्हणाली, "तू तरी काही बोल. मी बोलले की उलटंच होतं." शेवटी फेलानं खऱ्या मापानंच बाही कापली. उजवी, डावीपेक्षा अरुंद. अशी बाही तिनं जन्मात शिवली नव्हती.

सदऱ्यांच्या सकाळी वारा आला, पण पाऊस आला नाही. अंगण भरलं. शेजारणी खुर्च्या घेऊन आल्या, पुरुष कुंपणाला टेकले, तातिकोनं दुकान उघडं टाकलं आणि थंड बाटल्यांची बादली घेऊन आला. अबेलार्दोही आला, तो दरवर्षी यायचा आणि गाडीला टेकून हसत उभा राहायचा. आन्येलो आंब्यामागे उभा होता. फेलानं पिकल्या पपईचा झगा घातला होता.

"चला, सुरू करा दोन्या," तातिको ओरडला. "यंदा कुठल्या महिन्यात हरायचं ते एकदा कळू द्या, म्हणजे मला ढोल भाड्यानं देता येईल."

तिनं पहिला सदरा झटकला. तो होता फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या जाड्या फेलिसिआनोचा. "याची कंबर वाढलीय," ती म्हणाली. "यंदा हा पळणार नाही. पण पळावं लागू नये म्हणून चेंडू कुंपणाबाहेर मारेल." लोक हसले. फेलिसिआनोनं पोट थोपटलं.

दुसरा एका सडपातळ पोराचा. "यानं विजार घट्ट करून मागितलीय. प्रेमात पडलाय. ऑक्टोबरभर याच्या हातातून चेंडू सुटणार, नोव्हेंबरात ती याला सोडणार, मग हा भिंतीसारखा खेळेल."

"ती सोडणार नाही!" पोर कळवळून ओरडलं, आणि अंगण खदखदलं.

असे एकेक सदरे दोरीवर चढले आणि वाऱ्यानं फुगून नाचायला लागले. माणसांची रांगच हवेत उभी राहिली, फक्त डोकी नव्हती. शेवटी टोपलीत एकच सदरा उरला. ढोलवाल्यानं ढोल गुडघ्यांत धरला. फेलानं सदरा उचलला, खांद्यांवर धरला, चिमटे लावले. मग उजव्या बाहीवरून हात फिरवत राहिली.

"पहिल्या सामन्याला..." तातिकोनं तिला सुरुवात करून दिली, शाळेतल्या विसराळू पोराला द्यावी तशी.

"पहिला सामना आपण हरणार," फेला म्हणाली.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

"दुसराही हरणार. ऑक्टोबरात आपल्याकडे बघून बगळ्यांनाही दया येईल. नोव्हेंबरात सावरू. रडतखडत, सहा संघांत चौथे येऊ, आणि चौथ्याला पुढं जाता येतं. खरा मोसम नाताळनंतर सुरू होईल. तोवर आन्येलो एकही चेंडू फेकणार नाही. हा सदरा तोवर माझ्या घरी राहील."

मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं, बाईला ऊन लागलं. कुणी म्हणालं, बगळ्यांनी हिला पैसे चारले. आणि मग तातिको बादलीवर चढला.

"अरे येड्यांनो, रडता काय! हिचं भाकीत कधी खरं झालंय? जिंकणार म्हणाली की आपण हरतो. आज पहिल्यांदा हरणार म्हणाली. म्हणजे काय? म्हणजे जिंकलो की! पहिल्या दिवशी आन्येलो फेकणार आणि बगळे पिसं गोळा करत घरी जाणार!"

लोकांना हे फार आवडलं. ढोल वाजायला लागला. "आन्येलो! आन्येलो!" कुंपणापासून सुरुवात झाली आणि हाक अंगणभर पसरली. आंब्यामागे आन्येलोची पावलं हललेली फेलाला दिसली. तेच ते. हाक आली की उठणारे पाय.

एवढी वर्षं फेला खोटं बोलली आणि त्यांनी टाळ्या दिल्या; आज खरं बोलली तर त्याचंच गाणं केलं. तिनं दोरीकडे बघितलं, त्या अरुंद बाहीकडे बघितलं. मग टोपली उचलून पालथी आपटली.

"तातिको! तुझ्याकडे कोकोची तागाची पोती आहेत ना?"

ढोल थांबला. "आहेत," तातिको म्हणाला. "का हो?"

"एक आण."

तो आणायला गेला तेव्हा कुणी हसलं नाही. फेला आणि पोतं ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. म्हाताऱ्या बायकांना तर ती निळी अक्षरंही आठवत होती; त्यांतल्या एकीनं लहानपणी "उचला, उचला" म्हटलंही होतं. तातिको पोतं घेऊन आला आणि ते हातात कसं धरावं ते त्याला कळेना. फेलानं ते त्याच्याकडून घेतलं आणि पिकल्या पपईच्या झग्यावर छातीशी धरलं.

"भाकीत सोडा," ती म्हणाली. "भाकितात माझी जीभ घसरते, ते तुम्ही जाणता. हा नवस आहे. आन्येलोचा उजवा हात मी आल्ताग्रासिया मातेला बोललेय. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तो तिचा आहे. तोवर मी हे पोतं शिवून अंगावर घालीन. बाजारात, चर्चमध्ये, मैदानात, सगळीकडे. दुसरा धागा अंगाला लावणार नाही. आता ज्याला देवाच्या हातातलं काढून घ्यायचंय, त्यानं खुशाल ओरडावं."

कुणी ओरडलं नाही. मोलिनोत माणसं उधारी बुडवतील, बायकोशी खोटं बोलतील, पण दुसऱ्याचा नवस मोडणार नाहीत. तातिकोची बायको मुलीच्या तापासाठी नवस बोलली होती, तेव्हा वर्षभर तिच्या केसांना कात्री लागली नाही, आणि तिचे केस दारात अडकले तरी कुणी चेष्टा केली नाही.

सगळ्यांचे डोळे आता आंब्याकडे वळले. नवस बोलला फेलानं, पण हात होता आन्येलोचा. तो पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि क्षणभर फेलाला वाटलं की हा आता म्हणेल, मला नको तुझा नवस.

"तुला कुणी विचारलं होतं?" तो हलक्या आवाजात म्हणाला.

"कुणी नाही. तुझ्या बाप्तिस्म्यालाही तुला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाही मीच बोलले होते तुझ्या वतीनं."

आन्येलोनं दोरीकडे बघितलं. वाऱ्यानं त्याचा सदरा उलटा झाला होता आणि आता उजवी बाही अरुंद आहे, ते ज्याला बघायचं त्याला दिसत होतं. त्यानं हात वर नेला. डावा. चिमटे काढले, सदरा उतरवला, बाह्या आत घेत नीट घडी केली आणि फेलाच्या हातातल्या पोत्यावर ठेवला.

"नाताळला मागायला येईन," तो म्हणाला.

मग अबेलार्दोकडे गेला आणि त्याच्या गाडीपाशी दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. अबेलार्दोनं एकदा डोक्यावरची टोपी काढली, टोपीकडेच बघितलं, पुन्हा घातली. जाताना तो फेलाजवळ थांबला.

"दोन्या, नाव यादीत राहील त्याचं. वाट बघायला मी कधीच तयार होतो. मला फक्त साली खायच्या नव्हत्या."

"साली मी बघते," फेला म्हणाली.

पोतं शिवायला तिला एक दुपार लागली. पोतं असलं म्हणून काय झालं, ढगळ घालणारी ती नव्हे. तिनं खांदे बसते केले, कमरेला चुण्या घेतल्या, गळ्याला दुमड घातली. तरी ताग तो ताग. मानेला घासला, काखेत टोचला. पहिल्या रविवारी चर्चच्या दारात तिचे पाय अडले. अंगावर अक्षरं नव्हती, पण पाठ तापल्यासारखी वाटत होती. आत बायका वळून बघत होत्या. मग एक म्हातारी, लहानपणी पोत्यावरून चिडवणारी तीच, सरकली आणि बाकावर हात आपटून म्हणाली, "ये फेला, इथं बस. आणि हे कमरेचं कसं केलंस ते मला सांग, पोत्याला अशी चूण पडते हे मला माहीतच नव्हतं."

ऑक्टोबरात पहिला सामना झाला. खेकडे हरले. असे हरले की बगळ्यांचे लोक शेवटी शेवटी टाळ्या वाजवायलाही कंटाळले. मधल्या डावात वरच्या पायऱ्यांवरून हाक सुरू झाली, "आन्येलो! आ..." आणि खालच्या रांगेत तागाचा झगा उभा राहिला. फेला पातेलं घरी ठेवून आली होती. नुसती उभी राहिली, मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. हाक विरली. कुणीतरी म्हणालं, "बसा हो दोन्या, लक्षात आहे आमच्या." बाकावर आन्येलोनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. पाय मात्र जागेवर होते.

आणि मग एक गंमत झाली. संघ हरत होता तरी मोलिनोकर चिडेनात. एकेक सामना गेला की ते बोट दाखवून म्हणायचे, "बरोबर! हे दोन्यानं सांगितलं होतं." घट्ट विजारीच्या पोराच्या हातातून चेंडू सुटला की सगळं मैदान एका सुरात ओरडायचं, "प्रेम! प्रेम!" हरण्यालासुद्धा वेळापत्रक असलं की ते सोसवतं. अबेलार्दोच्या टोपीवर त्या मोसमात एकही साल पडली नाही. नोव्हेंबरात त्या पोरीनं खरंच घट्ट विजारीच्या पोराला सोडलं आणि संघ सावरला. तातिको बिचारा गोंधळून गेला. "दोन्या, तुमचं खरं व्हायला लागलं," तो म्हणाला. "आता माणसानं विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

खेकडे रडतखडत चौथे आले.

आन्येलो रोज सकाळी समुद्रावर जायचा, खांद्याचे व्यायाम करायचा, येताना फेलाकडे कॉफी प्यायचा आणि हात पुढे करायचा. ती फीत गुंडाळायची. कधी फरक नसायचा. कधी उगाच दोघांना वाटायचा. डिसेंबरात एका सकाळी तिनं फीत गुंडाळली, चष्मा पुसला, परत गुंडाळली आणि कपाटातला सदरा काढला. उजव्या बाहीची शिवण तिनं सुईच्या टोकानं उसवली. आत दुमडून ठेवलेलं कापड होतं; शिवतानाच तिनं ते राखलं होतं.

"हे तू तेव्हाच ठेवलं होतंस?" आन्येलोनं विचारलं.

"मग? मी काय तुझ्यासारखी कापूस भरणारी आहे?"

नाताळच्या आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीत डुकराचं मांस भाजत होतं आणि आल्याच्या काढ्याचा वास दारोदार फिरत होता. फेलानं तागाचा झगा उतरवला, धुऊन, पिळून दोरीवर टाकला आणि कोवळ्या लिंबाच्या रंगाचा घातला. मानेवर तागानं केलेला लाल पट्टा राहिला होता. तिनं तो झाकला नाही. आन्येलो सदरा मागायला आला तेव्हा अंगणात पुन्हा तेच सगळे जमले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. त्यानं सदरा चढवला. उजवी बाही दंडावर बसली. डावीइतकीच, अजून जास्त नाही.

"बोटभर कमी आहे," फेला म्हणाली.

"जानेवारीत भरेल."

मग तो अंगणाच्या टोकाला गेला, खाली वाकून त्यानं पडलेली अवेळीची कैरी उचलली, खांदा सावकाश मागे नेला आणि कुंपणावरून फेकली. जोरात नाही. पण हात कानाच्या वर गेला आणि तिथं थांबला नाही. पलीकडे तातिकोच्या पाटीवर टण्णकन आवाज झाला.

"अरे माझी पाटी!" तातिको ओरडला, आणि त्याला हसू आवरेना. मग डोळे पुसत तो फेलाकडे वळला. "चला दोन्या, नवस फिटला. आता सांगून टाका, पुढं काय?"

फेलानं लिंबाच्या झग्याच्या चुण्या सरळ केल्या, कमरेवर हात ठेवले आणि छाती भरून श्वास घेतला.

"पुढं काय म्हणजे? बगळ्यांना रडवणार! चषक चर्चच्या पायरीवर येणार!"

"झालं!" तातिकोनं कपाळावर हात मारला. "कुणीतरी हिला ताप आणा रे!"

तोवर ढोलवाल्यानं ढोल गुडघ्यांत धरला होता.